वाटेला वाली, डोक्याला कोण?

मागच्या वर्षी मे महिन्यात अण्णा पहिल्यांदाच इकडे इंग्लंडात आले. आईला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास नको होता, त्यामुळे एकटेच. अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात सगळी नोकरी तलाठी म्हणून काढली. माणूस तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त होतो, पण त्याच्यातला तलाठी काही निवृत्त होत नाही. लंडनचे पूल आणि राजवाडे बघून त्यांनी नुसतं "हं, बरं आहे" म्हटलं. पण उत्तरेला निघालो आणि डोंगरउतारांवर मैलोन् मैल पसरलेले दगडी बांध दिसले, तेव्हा गाडीची काच खाली करून म्हणाले, "याची मोजणी कोणी केली रे?"

तर त्या दिवशी आम्ही पीक डिस्ट्रिक्टमध्ये हेफील्ड गावाच्या आसपास भटकत होतो. कंपनीतल्या मित्राने त्याची जुनी लँड रोव्हर डिफेंडर दोन दिवसांसाठी दिली होती. तीही मुख्यतः अण्णांसाठी, कारण "टाटांची गाडी विलायतेत" हा त्यांचा कौतुकाचा विषय. एका फाट्यावर डांबर संपलं आणि पुढे दोन चाकोऱ्यांची दगडगोट्यांची वाट डोंगरात चढताना दिसली. तोंडाशी लाकडी फाटक, बाजूला एक खांब आणि त्यावर जांभळ्या रंगाचा बाण.

"घे की आत," अण्णा म्हणाले. "सरळ सरळ गाडीवाट आहे. चाकोऱ्या दिसतायत."

मी म्हटलं, "नाही अण्णा, इथे मोटार नेता येत नाही."

"अरे, पण गाडी कसली आहे, वाट कसली आहे! ही गाडी याच्यासाठीच केलीय ना?"

एवढ्यात मागून फटफट आवाज आला. एक शेतकरी क्वाड बाईकवरून, म्हणजे ती चार जाड्या चाकांची फटफटी असते ना, तिच्यावरून आला. मागच्या जाळीवर काळं-पांढरं कुत्रं ऐटीत बसलेलं. शेतकऱ्याच्या डोक्यावर लोकरी टोपी. आम्हाला हात केला, फाटक उघडलं, आत गेला, परत नीट लावलं आणि चढ चढून दिसेनासा झाला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "आता मला दोन गोष्टी सांग. आपल्याला बंदी आणि याला मोकळीक, ती कशी? आणि दुसरं, याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, ते इथल्या पोलिसांना चालतं?"

प्रश्न दोनच, पण मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. मी स्वतः गाड्यांच्या धंद्यातला इंजिनियर, आणि इथे येऊन बरीच वर्षं झालेली. थोडी लाजच वाटली. मग पुढचे काही आठवडे वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

आधी वाटेचं. इंग्लंड-वेल्समध्ये गावाबाहेरच्या सार्वजनिक वाटांच्या चार जाती आहेत. पिवळा बाण म्हणजे पाऊलवाट, फक्त चालणाऱ्यांसाठी. निळा बाण म्हणजे घोडेवाट, तिथे घोडा आणि सायकलही चालते. जांभळा बाण म्हणजे 'रिस्ट्रिक्टेड बायवे'. तिथे याशिवाय घोडागाडी किंवा बैलगाडी नेता येते, पण इंजिन लावलेलं वाहन नाही. आणि लाल बाण म्हणजे 'बायवे ओपन टू ऑल ट्रॅफिक', तिथे मोटारसुद्धा. या लाल बाणाच्या वाटा एकूण लांबीत शंभरातल्या जेमतेम दोन भरतील. म्हणजे आमच्या समोरच्या वाटेवर बैल जुंपून गेलो असतो तर कायदा हात जोडून उभा राहिला असता. डिफेंडर घेऊन गेलो असतो तर गुन्हा!

आता तुम्ही म्हणाल, हे काय तर्कट? मलाही तसंच वाटलं होतं. पण यामागचं तत्त्व अण्णांना मी एका शब्दात सांगू शकलो, आणि तो शब्द आपल्याकडचाच आहे : वहिवाट. इथला कायदा वाटेला विचारतो की बाई, तुझ्यावरून पूर्वी कोण जात होतं? तुमची गाडी कितीही दणकट असो, चढ चढो न चढो, त्याच्याशी वाटेला काही देणंघेणं नाही. 'एकदा सार्वजनिक वाट ती कायमची सार्वजनिक वाट' असं इथल्या न्यायालयांचं जुनं वचन आहे. १९३२ च्या राइट्स ऑफ वे कायद्याने त्याला मुदतही घातली. लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं बिनविरोध, बिनपरवानगी, उघडपणे वापरली, तर मालकाने ती लोकांना दिली असं धरायचं. हे सांगितल्यावर अण्णा ताडकन म्हणाले, "आपल्याकडे पण वीसच!" खरं आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा वहिवाटीला २० वर्षंच मागतो. शिवाय आपल्याकडे शेताची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अण्णांनी अशा अडवलेल्या वाटांचे किती पंचनामे केले असतील त्याची गणतीच नाही.

पण इथली वाट नुसत्या कायद्याने मोकळी राहिलेली नाही. आम्ही उभे होतो तिथून किंडर स्काउटचं पठार दिसत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळे माळ जमीनदारांनी ग्राऊज नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. खाली मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतले हजारो कामगार. त्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळी हवा मिळणार, आणि नेमक्या त्या डोंगरावर राखणदार काठ्या घेऊन उभे. २४ एप्रिल १९३२ या दिवशी बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या पोराच्या पुढाकाराने काही शे तरुण हेफील्डहून निघून सरळ किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली, परतल्यावर धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. आपल्याकडे मिठाचा आणि जंगलाचा सत्याग्रह होऊन दोनच वर्षं झाली होती हे लक्षात घ्या. त्या शिक्षांनी उलट चळवळीला जोर आला. १९३५ मध्ये रँबलर्स ही चालणाऱ्यांची संघटना देशपातळीवर उभी राहिली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा आला, आणि १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट.

१९४९ च्या कायद्याने तलाठ्याला आवडेल असं एक काम केलं. प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा पक्का नकाशा करायचा. आपल्या गाव-नकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट आणि दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट असते, तसाच हा प्रकार. नकाशावर वाट आली की तो निर्णायक पुरावा. पण घोळ झाला तो मधल्या वाटांचा. जिथे पूर्वी गाड्या जात होत्या पण आता मुख्यतः चालणारेच जातात, अशा वाटांना 'सार्वजनिक पाऊलवाट म्हणून वापरात असलेला रस्ता' असं विचित्र नाव देऊन ठेवलं. तिथे मोटार चालते की नाही, हे नावावरून कळेना. ही खुंटी अर्धवट ठोकली गेली आणि पुढची पन्नास वर्षं त्यावर भांडणं टांगली गेली.

आणि नेमकं याच सुमाराला आमच्या डिफेंडरचं पूर्वज जन्माला येत होतं. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांचं वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेत होतं, आणि तिथे ते लष्कराकडून आलेली जुनी अमेरिकन जीप वापरत. ती मोडल्यावर दुसरी काय घ्यायची? १९४७ मध्ये रेड व्हार्फ बे च्या वाळूत काठीने त्यांनी आपल्या भावाला नव्या गाडीचा आराखडा काढून दाखवला, असं सांगतात. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांपुढे आली. युद्धानंतर पोलादावर रेशनिंग होतं, म्हणून तिचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं. शेतकऱ्याने तिने नांगरावं, ओढावं, दळावं आणि रविवारी चर्चला जावं, असा सगळा बेत. २००८ मध्ये टाटा मोटर्सने ती कंपनी फोर्डकडून घेतली, आणि आमचे अण्णा त्या दिवसापासून तिचे भागीदार असल्यासारखे बोलतात.

मोटारीला मोकळ्या माळावर बंदी मात्र लँड रोव्हरपेक्षाही जुनी आहे. १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यानेच सांगितलं होतं की गायरान, माळ, पाऊलवाट किंवा घोडेवाट यांवर मोटार नेणं गुन्हा. रस्त्यापासून १५ यार्डांपर्यंत, गाडी उभी करण्यापुरती सूट. हेच कलम आज १९८८ च्या कायद्यात आहे. पण गाडीवाटांचं काय? इथे सामान्य कायद्याची एक गंमत होती. त्याच्या लेखी घोडागाडी आणि मोटार यांत फरक नव्हता. दोन्ही 'गाड्या'च. त्यामुळे अठराव्या शतकात एखाद्या वाटेने चुन्याच्या गाड्या जात होत्या एवढं जुन्या कागदांतून सिद्ध केलं, की त्या वाटेवर आजच्या मोटारीचाही हक्क लागायचा! बैलाचा वारसा इंजिनाला.

१९८० नंतर चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या हौसेच्या झाल्या, रविवारी त्या घेऊन चिखलात लोळण्याचा छंद वाढला आणि हौशी मंडळी अभिलेखागारात जाऊन जुने नकाशे धुंडाळू लागली. दुसऱ्या बाजूला चालणारे, घोडेस्वार आणि वाटेकाठचे रहिवासी. पावसाळी जमिनीत पडलेल्या गुडघाभर चाकोऱ्यांचे फोटो काढून ते दाद मागू लागले. वर्षानुवर्षं चौकश्या, सुनावण्या, अपिलं. शेवटी २००० च्या कायद्याने तो जांभळा बाण आणला, म्हणजे संदिग्ध वाटा 'रिस्ट्रिक्टेड बायवे' करून टाकल्या, आणि २ मे २००६ रोजी इंग्लंडमध्ये असा कायदा लागू झाला की नकाशावर मोटारीसाठी न नोंदलेला मोटारीचा हक्क, काही अपवाद सोडून, संपला. बैलाचा वारसा इंजिनाला मिळणं तिथे थांबलं. त्याच कायद्याने राष्ट्रीय उद्यानांना स्वतःच्या हद्दीत वाहनबंदीचे हुकूम काढायचा अधिकार दिला. लाँग कॉजवे, द रॉइच अशा पीक डिस्ट्रिक्टमधल्या नावाजलेल्या वाटा २०१० च्या दशकात हौशी मोटारींना बंद झाल्या त्या याच अधिकारात. चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या जुन्या वाटा नोंदवायलाही १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरली होती. ती २०२३ मध्ये २०३१ पर्यंत पुढे ढकलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मुदतच रद्द करणार म्हणून जाहीर केलं.

तर अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. ती वाट पूर्वी गाड्यांची होती हे खरं, पण तिच्यावरचा मोटारीचा सार्वजनिक हक्क उरलेला नाही. शेतकऱ्याला मात्र स्वतःच्या जमिनीकडे जायचा खासगी हक्क आहे, आणि तो कायद्याने राखून ठेवला आहे. तो तिथून पाहुणा म्हणून जात नव्हता, आपल्या घरी जात होता. अण्णांनी मान डोलावली. "बरोबर आहे. शेताला वाट पाहिजेच."

आता डोक्याचं.

१३ मे १९३५. डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या आपल्या छोट्या घराकडे एक माणूस ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून परत चालला होता. जवळच्याच बोव्हिंग्टनच्या छावणीतल्या पोस्टात तार करायला गेला होता, दीड-दोन मैलांवर. वाटेत सायकलवरची दोन मुलं पुढे आली, त्यांना चुकवताना तो उडून पडला. हेल्मेट नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे ला गेला. हा माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखतं. वय ४६.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्या मृत्यूने केर्न्सच्या मनात घर केलं असं म्हणतात. युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्यापुढे सैन्यातले निरोपे, म्हणजे मोटरसायकलवरून संदेश नेणारे जवान, डोकी फुटून येऊ लागले. ब्लॅकआउटमधले काळोखे रस्ते, दिव्यांवर झाकणं. केर्न्सनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटरसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक ब्रिटनच्या रस्त्यांवर मेले होते. हेल्मेट घालून अपघात झालेले केर्न्सना फक्त सात सापडले, आणि ते सातही जण जिवंत राहिले. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्कराने कामावरच्या सर्व निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. युद्ध संपल्यावर केर्न्सनी पुन्हा आकडे मांडले, मृत्यूंचा आलेख त्यानंतर उतरत गेला होता. त्यांच्याबरोबर ऑक्सफर्डमध्ये होलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून दाखवलं की नुसत्या आघातापेक्षा डोकं गर्रकन फिरणं मेंदूला जास्त फाडतं. आम्हा इंजिनियर लोकांना आजही हेल्मेटच्या चाचण्यांत हाच प्रश्न सतावतो.

हेल्मेट काही तेव्हा नवीन नव्हतं. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी १९१४ मध्येच कापड आणि लाखेची टोपी करून घेतली होती, आणि आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत ती त्याच वर्षी सक्तीची झाली. म्हणजे शर्यतीत १९१४, लष्करात १९४१ आणि सामान्य माणसाला? १ जून १९७३! केर्न्सच्या लेखानंतर बत्तीस वर्षांनी. केर्न्स स्वतः १९५२ मध्येच वारले होते.

बत्तीस वर्षं का लागली? कारण सक्ती म्हटली की इथेही लोक पुणेकर होतात. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध काय गदारोळ झाला तो तुम्ही जवळून पाहिलाच असेल. इथे १९७३ नंतर फ्रेड हिल नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते. डोकं माझं आहे, निर्णयही माझा, एवढंच त्यांचं म्हणणं. बेरे टोपी घालून मोटरसायकल चालवायची, दंड भरायचा नाही आणि तुरुंगात जायचं. असं तीसहून अधिक वेळा केलं. १९८४ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, ते लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगातच हृदयविकाराने वारले. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्या म्हाताऱ्याची टिंगल करायलाही जीभ वळत नाही. मँचेस्टरचे ग्यानी सुंदरसिंग सागर यांनीही पगडीसाठी तुरुंग सोसला, आणि १९७६ मध्ये पार्लमेंटने पगडीधारी शिखांना सूट दिली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही तशी सूट आहे.

आता क्वाड बाईक. जपानी होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली. ती इतकी कलंडायची की अमेरिकेत १९८८ मध्ये तिची विक्री थांबवावी लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीने चौथं चाक जोडलं. इथल्या डोंगरी मेंढपाळांना हे यंत्र म्हणजे वरदान होतं. जिथे पूर्वी अर्धा दिवस चालावं लागे तिथे पंधरा मिनिटांत कुत्रं, चारा आणि कोकरू घेऊन पोचता येऊ लागलं.

पण १९७३ चा हेल्मेटचा कायदा झाला तेव्हा इथे क्वाड नव्हती. तो कायदा आणि आजचे १९९८ चे नियम 'मोटर बायसिकल'बद्दल बोलतात, म्हणजे दोन चाकांबद्दल. दोन चाकं एकमेकांपासून ४६० मिलिमीटरच्या आत असतील तर ती एकच धरायची, आणि तुमची मोटरसायकल गवत कापायचं यंत्र असेल तर सूट, इथपर्यंत बारकावे आहेत! पण चार चाकांची फटफटी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून इंग्लंडच्या सार्वजनिक रस्त्यावर, नंबर, विमा, परवाना सगळं असलेली क्वाड बिनहेल्मेट चालवली तर आजही गुन्हा नाही. घालावं, असा सल्ला फक्त आहे. वाटेच्या बाबतीत बैलगाडी आणि मोटार यांच्यातला फरक पाडायला कायद्याने एवढा काथ्याकूट केला. डोक्याच्या बाबतीत मात्र दोन चाकं आणि चार चाकं यांमधल्या फटीतून डोकंच निसटून गेलं.

आणि डोकं तर दोन्हीकडे सारखंच फुटतं. क्वाड अडीचशे-तीनशे किलोची, अरुंद आणि उंच. बऱ्याचशा क्वाडना मागच्या आसाला डिफरन्शियल नसतो, म्हणजे वळताना दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरतात. ती वळवायची तर चालवणाऱ्याने स्वतःचं वजन हलवावं लागतं. म्हणून तर तिची बैठक लांब असते, मागे कोणाला घ्यायला नव्हे. उतारावर फवारणीची अर्धी भरलेली टाकी मागे असली, पाणी एका अंगाला गेलं आणि चाक दगडावर चढलं, की खेळ संपला. वर सांगाडा नाही, पट्टा नाही, टोपी लोकरीची. शेजारी-शेजारी बसायची जी नवी शेतवाहनं निघाली आहेत, त्यांना सांगाडा आणि पट्टे असतात. पण पट्टा न लावता बसलं तर तोच सांगाडा अंगावर येतो. विनोदी नट रिक मेयॉल १९९८ मध्ये डेव्हनमधल्या आपल्या शेतघराजवळ क्वाडखाली सापडून पाच दिवस बेशुद्ध होता. गायक ऑझी ऑस्बर्नची २००३ मध्ये स्वतःच्याच आवारात मान आणि बरगड्या मोडल्या. हे नाव असलेले. शेतकऱ्यांची नावं कुठेतरी स्थानिक पेपरात आतल्या पानावर येतात. कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था, एचएसई, वर्षानुवर्षं सांगते आहे की अशा अपघातांत दरवर्षी सरासरी दोन माणसं मरतात, मेलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि असतं तर बहुतेक जण वाचले असते. कामासाठी क्वाड वापरणाऱ्याला हेल्मेट देणं-घालणं ही कामाच्या कायद्याने जबाबदारी आहेच. पण डोंगरात एकट्याच्या शेतावर बघायला कोण जातं?

हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट दिसली. वाटेला वाली आहेत. १८६५ पासून इथे गायरानं आणि वाटा वाचवणारी संस्था आहे, १९३५ पासून चालणाऱ्यांची आहे, १९७० पासून वाटांवर मोटरसायकल चालवणाऱ्यांचीही आहे. वाट बंद झाली तर दुसऱ्याचं काहीतरी जातं, म्हणून दुसरा भांडतो, आणि भांडता भांडता कायद्याला धार येते. डोकं फुटलं तर ज्याचं जातं तो भांडायला उरत नाही. त्याच्या वतीने बोलायला एखादा केर्न्स लागतो, हातात आकड्यांचा कागद घेऊन. आणि आकड्यांचा कागद मोर्चा काढत नाही.

हे मी कोरड्या मनाने लिहीत नाहीये. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुण्यात आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. त्यातला एक जण दिवाळीच्या सुट्टीत मोटरसायकलवरून सातारा रस्त्याने गावी निघाला. हेल्मेट होतं. कोपरात अडकवलेलं. ते अपघातानंतर अगदी जसंच्या तसं आमच्या खोलीवर परत आलं, एक ओरखडासुद्धा नव्हता. ते कुठे ठेवायचं हे आम्हा तिघांना कळेना. शेवटी कपाटावर ठेवलं, वर्षभर तिथेच होतं. त्याच्या वडिलांना स्टँडवर आणायला अण्णाच गेले होते. म्हणून त्या फाटकापाशी अण्णांनी दुसरा प्रश्न का विचारला, ते मला न सांगताच कळलं होतं.

असो. परत जाताना अण्णांनी इथल्या शेतीसामानाच्या दुकानात एक हेल्मेट पाहून ठेवलं होतं. मी म्हटलं, अण्णा, तिकडे आयएसआयचा शिक्का लागतो, साताऱ्यातच घ्या. त्यांनी घेतलंही. परवा फोनवर आईला विचारलं, वापरतात का गं?

"वापरतात ना," आई म्हणाली. "हायवेला जायचं असलं की घालतात. पोस्टात, बाजारात जाताना नाही. म्हणतात, एवढ्याएवढ्याला कशाला!"

मी म्हटलं, अण्णांना फोन दे. लॉरेन्स कुठून परत येत होता, ते त्यांना सांगायचं राहिलं होतं.